डोळ्याभोवतीचं काळं

अव्वाने पदराचं टोक जिभेवर ओलं केलं, आप्पांची हनुवटी धरली आणि त्यांच्या उजव्या डोळ्याभोवतीचं काळं कडं खसाखसा पुसायला लागली.

"अगं, हळू. डोळा आहे तो," आप्पा म्हणाले.

"असंच खाली गेलात तर भाडेकरू म्हणतील, होनरावसरांना कुणी बुक्की मारली."

राजशेखर हसला. मीही हसले. बार्शीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर आम्ही चौघं होतो: माझे वडील आप्पा, आई म्हणजे अव्वा, राजशेखर आणि मी. दिवसभर तापलेली फरशी अजून तळपायांना चटके देत होती, आणि एका कोपऱ्यात धोतरावर वाळत घातलेल्या अव्वाच्या कुरडया गोळा करायच्या राहिल्या होत्या. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत होते, आणि राजशेखरशी माझा साखरपुडा नुकताच झाला होता. तो इथल्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. त्याच कॉलेजात आप्पांनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं, त्यामुळे तो त्यांना 'सर'च म्हणायचा.

काळ्या कड्याचं कारण असं. शेजारच्यांची ट्यूबलाइट दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगाच्या कडेवर चमकायची. म्हणून आप्पा त्या कडेला दिव्याची काजळी तेलात कालवून फासत. जो डोळा टेकवून बघेल, त्याच्या डोळ्याभोवती वर्तुळ उठायचंच. मला चष्मा काढून बघावं लागे, त्यामुळे माझंही तोंड रोज काळं व्हायचं आणि अव्वा आप्पांच्या पाठोपाठ मलाही पुसायची. राजशेखरचा चेहरा मात्र वर येताना जसा, तसाच खाली जाताना. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. किती टापटिपीचा माणूस, असं वाटायचं.

"झालं का सगळ्यांचं?" अव्वाने विचारलं. "सांगू का मग?"

"सांग."

"ह्यांचा सहा. आणि जावईबापूंचा साडेपाच."

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "उत्तम! दोन माणसांत अर्ध्या प्रतीचा फरक पडायचाच. नाही पडला तर संशय घ्यावा."

त्या वर्षीच्या मे महिन्यात पश्चिमेला एक धूमकेतू आला होता. संध्याकाळ विझली की तो तेलाच्या गिरणीच्या धुराड्याच्या बराच वर, दुर्बिणीतून, धुरकट ठिपक्यासारखा दिसायचा. त्याचं तेज मोजायची आप्पांची रीत ठरलेली होती. जवळचा एखादा माहितीचा तारा घ्यायचा, दुर्बिणीचा स्क्रू फिरवून तो धूमकेतूएवढा पसरट आणि अंधुक करायचा, आणि मग कोण उजळ ते तोलायचं. तेजाला आप्पा 'प्रत' म्हणत. पहिल्या प्रतीचा तारा ठळक, सहाव्या प्रतीचा म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. आकडा वाढला की उजेड कमी. हे उलटं गणित अव्वाला कधी पचलं नाही. शेवटी आप्पांनी तिला सांगून टाकलं होतं, "पहिल्या प्रतीचा गहू, तसा पहिल्या प्रतीचा तारा. एवढंच ध्यानात ठेव."

अव्वाला ध्यानात ठेवावं लागायचं, कारण आकडा तिच्या कानात सांगायचा असे. हा आमच्या गच्चीचा नियम होता. प्रत्येकाने बघायचं, जाऊन अव्वाच्या कानात कुजबुजायचं, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय तिने तोंड उघडायचं नाही. एकाचा आकडा ऐकून दुसऱ्याचा डोळा फितूर होऊ नये म्हणून. अव्वाला आकाशातलं ओ की ठो कळत नसे, म्हणून तिच्याइतका खात्रीचा कान दुसरा नाही, असं आप्पा म्हणत.

पुण्याच्या एका हौशी मंडळाचं पत्रक टपालाने यायचं. धूमकेतू कुठल्या तारखेला कुठल्या ताऱ्याशेजारी असेल आणि त्याची प्रत किती होईल, याचे अंदाज त्यात छापलेले असत. पत्रक हातात पडलं की आप्पा कात्री घेत आणि तेजाचा रकाना कापून बंबात टाकत.

"जागा माहीत पाहिजे, नाहीतर शोधणार कुठं?" ते राजशेखरला समजावत. "पण उजेड माहीत नको. तो माहीत असला की डोळा बघत नाही, नुसती मान डोलावतो."

"क्या बात है, सर," राजशेखर म्हणायचा. "हे वर्गात सांगायला पाहिजे."

माझ्याकडे जागेचं काम होतं. माझा चष्मा जाड, त्यामुळे तेजाच्या बाबतीत आप्पा मला धरत नसत. ताऱ्यांच्या नकाशावर धूमकेतूची रोजची जागा मी टिंबाने मांडायचे. त्याबाबत तो शहाण्यासारखा वागत होता. सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वाटेने, मिथुन राशीच्या पायांकडून सूर्याच्या दिशेला उतरत होता. सूर्याजवळ जाणारा धूमकेतू उजळत जातो. महिनाअखेर तो नुसत्या डोळ्यांना शेपटीसकट दिसेल, असं वर्तमानपत्रांनी छापूनही टाकलं होतं.

पुढच्या आठवड्यात आकडे फाटले.

"ह्यांचा साडेसहा," अव्वा म्हणाली. "जावईबापूंचा पाच."

आप्पा परत दुर्बिणीकडे गेले. बराच वेळ वाकून बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "गिरिजा, तू बघ गं."

मी बघितलं. "मला तर परवापेक्षा मंदच वाटतोय, आप्पा."

"तुझा नंबर वजा सहा. तुझं काय धरायचं?" ते हसले. "राजशेखर, तुला खरंच पाच वाटतो?"

"मला तरी तसा वाटला, सर. मागे शेपटीसारखंही काहीतरी आहे." मग लगेच हात जोडल्यासारखं करून तो म्हणाला, "माझं चुकत असेल. तुमच्यापुढे आम्ही काय?"

हे 'माझं चुकत असेल' तो इतक्या गोड आवाजात म्हणायचा की समोरच्यालाच आपण चुकतोय असं वाटावं. आप्पांना तसंच वाटलं. रोज त्यांचा आकडा चढत गेला आणि राजशेखरचा उतरत गेला. म्हणजे त्यांचा धूमकेतू विझत चालला होता आणि त्याचा पेटत.

आप्पांच्या मनात काय चाललं होतं, ते आम्हाला सांगावं लागलं नाही. माझे आजोबा साठीनंतर आंधळे झाले होते. भिंतीला हात लावत लावत मोरीपर्यंत जाणारे, वाटेत कुणाचा पाय लागला की "कोण आहे?" असं विचारून थांबणारे आजोबा मी लहानपणी पाहिले होते. आप्पांनी त्या वर्षी एकसष्टी ओलांडली होती. ते सकाळी दारात उभे राहून, एकेक डोळा झाकून, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचायला लागले. आणि एका दुपारी मी पाणी प्यायला उठले तेव्हा मला दिसलं, आप्पा डोळे गच्च मिटून, भिंतीला हात लावत, मोरीकडे चालले होते. सराव करत होते. अव्वा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून बघत होती. तिने मला हाताने गप्प राहायची खूण केली.

हे राजशेखरला कळलं, कारण मीच त्याला सांगितलं. सांगताना मला रडू आलं. तो म्हणाला, "तू काळजी करू नको. सोलापूरला माझ्या ओळखीचे डोळ्यांचे डॉक्टर आहेत. मी घेऊन जातो सरांना."

आणि नेलं की. एसटीने नेलं, एसटीने आणलं. डोळ्यांत औषध घातल्यामुळे आप्पांना उजेड सहन होत नव्हता. काळा चष्मा लावलेले आप्पा त्याचा हात धरून गल्लीतून आले. स्टँडवर त्यांना उसाचा रस पाजला, तोही म्हणे त्याने पेला स्वतः त्यांच्या ओठांशी धरून. अव्वा दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळायची बाकी राहिली. माझ्या मनात त्या दिवशी त्याच्याविषयी जे काही दाटून आलं, ते परत कधी कुणाविषयी आलं नाही. म्हणूनच ते आठवलं की आजही तोंड कडू होतं.

"मोतिबिंदू आहे, पण कोवळा आहे," राजशेखरने सांगितलं. "डॉक्टर म्हणाले, घाई नाही. पण सरांना दिसतच कमी असेल तर करून टाकू."

"दिसतंय कमीच," आप्पा काळ्या चष्म्याआडून म्हणाले. "लग्न उरकलं की लगेच करू."

त्या दिवसांत मोतिबिंदूचं ऑपरेशन म्हणजे आजच्यासारखा अर्ध्या तासाचा खेळ नव्हता. आमच्या गल्लीतल्याच एका बाईंचा डोळा त्यात गेला होता. तरी आप्पांनी ठरवलं. आणखी एक ठरवलं. रात्री जेवताना म्हणाले, "राजशेखर, दुर्बीण तू घेऊन जा. लग्नात माझ्याकडून तीच. माझ्या हाताने घासलेला आरसा आहे, जप."

"सर, हे फार होतंय," राजशेखर म्हणाला, आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

मग ती संध्याकाळ आली. ती मला सगळ्यात जास्त खुपते. त्या दिवशी आप्पा म्हणाले, "राजशेखर, आज तू आधी बघ."

राजशेखरने बघितलं, जाऊन अव्वाच्या कानात सांगितलं. आप्पा तेव्हा अव्वाच्या शेजारीच बसून तिला कुरडया गोळा करायला मदत करत होते. आप्पांनी जन्मात कधी कुरडईला हात लावला नव्हता. मग ते उठले, दुर्बिणीशी गेले, डोळा लावला. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. त्यांनी स्क्रूला हात लावला नाही. तारा पसरवला नाही, तोलला नाही. नुसता डोळा टेकवला आणि येऊन अव्वाच्या कानात बोलले.

"आज दोघांचाही साडेचार," अव्वा म्हणाली.

"बघा सर! जमलं की नाही एकदम?" राजशेखर म्हणाला.

"हं. जमतंय अजून," आप्पा म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते.

परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोराचा पेपर काढून घेणारे, त्यासाठी गावातल्या बड्या लोकांशी वैर घेतलेले माझे आप्पा. मला त्यांच्याकडे बघवेना. मी कुरडयांचा डबा उचलून खाली निघून गेले आणि स्वयंपाकघरात उगाच नळ सोडून उभी राहिले.

दोन-तीन दिवसांनी मी वर गेले तेव्हा आप्पा एकटेच दुर्बिणीपाशी होते. पण नळी धुराड्याकडे नव्हती, खूप वर होती.

"काय बघताय, आप्पा?"

"पुष्यातला गुच्छ."

पुष्य नक्षत्रात एक तारकागुच्छ आहे. नुसत्या डोळ्यांना तो धुरकट डागासारखा दिसतो, आणि दुर्बीण लावली की मूठभर साबुदाणा सांडावा तसे टपोरे तारे. डोळे तपासायचे असतील तर हे तारे मोजावेत, असं आप्पांनी मला लहानपणी शिकवलं होतं.

"किती दिसले?"

"सगळे दिसतायत गं," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "हेच मला कळत नाही. बारीक बारीक तारेसुद्धा दिसतात. मग तोच मेला का दिसत नाही?"

मी काही बोलणार, तेवढ्यात खालून भाडेकरूंनी हाक मारली. मंगल कार्यालयातून फोन आला होता, तारीख पक्की करायची होती. आप्पा जिना उतरले, आणि त्यांना जिन्यातच ओलांडून राजशेखर वर आला. त्याच्या मागोमाग कुरडयांसाठी अव्वा.

"दुर्बीण लावलेली आहे. तू सुरू कर, मी आलोच!" आप्पा खालून ओरडले. नळी पुष्याकडे वळवलेली आहे, हे ते गडबडीत विसरले होते.

राजशेखरने सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. स्टुलावर बसला, आणि बघायला लागला. मी काहीच बोलले नाही. मला वाटलं, आत्ता मान वर करेल आणि म्हणेल, अरे, हे तर भलतंच काहीतरी लावलंय. त्याने मान वर केली नाही. तो बघत राहिला. स्क्रू थोडा इकडे फिरवला, थोडा तिकडे. जिभेने च्यक् केलं. "वा," म्हणाला. एक हात हवेत वर करून बोटांनी काहीतरी मापल्यासारखं केलं. देवळात लोकांना दिसेल असे डोळे मिटणारे भक्त असतात ना, तसं ते होतं.

मग तो उठला. त्याच्या डोळ्याभोवती आज काळं कडं उठलं होतं. पहिल्यांदाच. चांगलं ठसठशीत, गोल.

तो अव्वाजवळ गेला आणि तिच्या कानात बोलला. अव्वाने पदराचं टोक ओलं करून त्याचा डोळा पुसला. "आज लागलं बाई एकदाचं," ती म्हणाली.

"गिरिजा, आज शेपूट काय फुटलीय!" तो माझ्याकडे वळून म्हणाला. "दोन बोटं तरी असेल. सरांना दिसायला हवी होती."

मी चष्मा काढून दुर्बिणीला डोळा लावला. पुष्यातले तारे एका कडेला सरकले होते, पण होते. एकेक वेगळा, स्वच्छ. त्यात शेपूट नव्हती, धूर नव्हता, काही नव्हतं.

"परत एकदा बघता का?" मी म्हटलं.

त्याने बघितलं. "हो. काय झालं?"

"काय दिसतंय?"

"धूमकेतू."

"ते पुष्यातले तारे आहेत. धूमकेतू तिकडे, धुराड्याच्या वर. नळी कुठे आहे ते तरी बघायचं."

तो आधी हसला. मग "अरेच्चा, घाईघाईत," म्हणाला.

"घाईघाईत शेपूट दिसली? दोन बोटं?"

त्याने जिन्याकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू, गिरिजा? मला तो कधी दिसलाच नाही. पहिल्या दिवसापासून. तुम्ही दोघं 'तो बघा, तो बघा' करत होता. सर इतके खूश होते. मी म्हटलं, दिसला. मग रोज काहीतरी सांगणं भाग होतं."

"आणि आकडे?"

"कॉलेजच्या लायब्ररीत त्या पत्रकाची एक प्रत येते. अख्खी, न कापलेली. त्यातलेच, थोडे इकडेतिकडे करून."

"म्हणजे प्रतीची प्रत."

"हो ना," तो म्हणाला, आणि मी विनोद केला असं समजून हसला.

खरं सांगते, इथपर्यंत मला राग आला नव्हता. न दिसणं हा काही गुन्हा नाही. पहिल्या दिवशी खूप जणांना दिसत नाही. भावी सासऱ्यापुढे 'मला दिसत नाही' म्हणायची एखाद्याला लाज वाटू शकते, हेही मला समजत होतं. तेवढंच असतं तर मी त्याला शेजारी बसवून बघायला शिकवलं असतं.

"मग आप्पांना सोलापूरला नेलंत ते?" मी विचारलं.

"त्याचं काय?"

"त्यांना वाटतंय, ते आंधळे होतायत. तुम्हाला माहीत होतं ते का वाटतंय."

"अगं, मोतिबिंदू आहेच ना थोडा. आज ना उद्या करावाच लागला असता." तो मला समजावण्याच्या सुरात म्हणाला, "उलट बरंच झालं, वेळेवर कळलं."

उलट बरंच झालं. हे त्याने मनापासून म्हटलं. त्याच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा लवलेश नव्हता. मला तो उसाच्या रसाचा पेला आठवला, आप्पांच्या ओठांशी धरलेला. त्यांच्या बोटांत अडकवलेली त्याची बोटं आठवली. त्या माणसाला आतून ठाऊक होतं की ही भीती आपल्याच खोट्या आकड्यांनी घातलीय, आणि तो त्यांना हात धरून रस्ता ओलांडून देत होता. अंगावर पाल पडावी तशी मी मागे सरकले.

"एवढं काय त्यात?" तो म्हणाला. "एक-दोन प्रतींचा तर प्रश्न आहे. त्यावर काय संसार चालतात?"

"मला एक सांगा. आज तुमच्या डोळ्याला काळं कसं लागलं? इतक्या दिवसांत एकदाही लागलं नव्हतं."

त्याने अव्वाकडे बघितलं.

"काकूंनीच सांगितलं काल," तो म्हणाला. "डोळा टेकवत जा म्हणून."

अव्वा खाली बसून कुरडया उचलत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"अव्वा?"

"मी काय वावगं बोलले? एवढंच म्हटलं, जावईबापू, डोळा जरा टेकवत जावा. कडं उठू दे. एखाद्या दिवशी ह्यांचं लक्ष जाईल."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"मला बाई काय ठाऊक असणार तुमच्यातलं? मी रोज तोंडं पुसते. कुणाचं काळं होतंय आणि कुणाचं होत नाही, एवढं दिसतंय की मला."

"आप्पा डोळे मिटून मोरीकडे जात होते, ते तू बघितलंस ना?"

"बघितलं."

"तरी?"

आता तिने हातातली कुरडई डब्यात टाकली आणि माझ्याकडे मान वर केली. "ऑपरेशन झाल्यावर दिसलं असतं की त्यांना. मनाला शांती आली असती. तुझं काय? चष्मा बघून किती जणांनी पोहे खाल्ले आणि गेले, मोजलेस का? सव्वीस सरत आलं. एका शेपटीवाल्यापायी आलेलं स्थळ घालवू का मी?"

राजशेखर मान डोलावत होता. काकू किती समजूतदार आहेत, अशी. एकजण रोज एका कानात खोटं ओतत होता, आणि तो कान रोज ते जाणूनबुजून साठवत होता. मधल्यामध्ये माझे आप्पा भिंतीला हात लावून चालायला शिकत होते.

"तुम्ही इथून तोंड काळं करा," मी राजशेखरला म्हटलं.

"गिरिजा, शब्द जपून वापर."

"जपूनच वापरतेय. अव्वाने पुसलं असलं तरी करा."

तो खाली उतरला. आप्पा वर येत होते. जिन्यात त्याने त्यांना "येतो, सर," म्हटलेलं मला ऐकू आलं, तोच तो गोड आवाज.

"का गेला? बघून झालं त्याचं?" आप्पा वर येऊन म्हणाले. "कार्यालयवाल्यांना तारीख पक्की सांगून टाकली."

मी त्यांना सांगितलं. राजशेखरचं सगळं सांगितलं. त्याला धूमकेतू कधी दिसलाच नव्हता, तो पत्रकातले आकडे सांगत होता. अव्वाचं सांगितलं नाही. ती माझ्या पाठीमागेच उभी होती, आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता.

आप्पा कठड्याला टेकले. मला वाटलं, ते चिडतील. कार्यालयाचं म्हणतील, लोक काय म्हणतील म्हणतील. ते म्हणाले, "म्हणजे माझा साडेसहा बरोबर होता?"

"बरोबर होता, आप्पा."

"नंतरचा सातही?"

"सातही."

"डोळे ठीक आहेत माझे?" त्यांनी दोन्ही हातांनी आपलेच डोळे चाचपून बघितले, वस्तू हरवली नाही ना याची खात्री करावी तसे. मग एकदम ताठ झाले. "सरक. बाजूला सरक. तो मावळायच्या आत बघू दे मला."

नळी धुराड्याकडे आणून, मी नकाशावर दाखवलेली जागा त्यांनी पकडली. डोळा टेकवला. स्क्रू फिरवला, तारा पसरवला, परत आवळला, शेजारची जागा धुंडाळली, परत मूळ जागेवर आले. बराच वेळ गेला. मग उठले आणि नेहमीप्रमाणे अव्वाजवळ जाऊन, वाकून तिच्या कानात बोलले.

अव्वा म्हणाली, "दिसत नाही म्हणतायत."

"दिसत नाही!" आप्पा मोठ्याने म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. "गिरिजा, जागा बरोबर आहे, आकाश स्वच्छ आहे, आणि तो तिथं नाही. फुटला असणार. सूर्याच्या जवळ जाता जाता फुटून गेला असणार!" पुढच्या महिन्याच्या पत्रकात तसंच आलं. पण त्या संध्याकाळी, आपल्याला काही दिसत नाही या आनंदात बार्शीत नाचणारा तो एकटाच माणूस असेल.

अव्वाने पदराचं टोक जिभेवर ओलं केलं, त्यांची हनुवटी धरली आणि डोळ्याभोवतीचं कडं पुसलं. आप्पांनी मुकाट्याने पुसून घेतलं.

मग मी बघितलं. त्या जागी काळोख होता, एवढंच. मी उठले. अव्वा ओला पदर धरून माझ्याकडे आली.

"ये की, तोंड पुसते."

"राहू दे," मी म्हटलं, आणि मागे झाले. मनगटाने मीच पुसलं. काळं पुसलं गेलं नाही, गालभर पसरलं.

तिने पदर सोडला आणि कान पुढे केला. "मग आकडा तरी सांग."

"दिसला नाही," मी सगळ्या गच्चीला ऐकू जाईल असं म्हटलं.

"नियम मोडलास, गिरिजा," आप्पा हसून म्हणाले.

ऑपरेशन पुढे कितीतरी वर्षांनी, खरोखर गरज पडल्यावर झालं. त्यानंतरही आप्पांनी गच्चीवरून बरेच धूमकेतू बघितले, आणि शेवटच्या वर्षापर्यंत आपला आकडा ते वाकून अव्वाच्याच कानात सांगत राहिले. माझा मी मोठ्याने सांगायचे. नियम मोडलास, असं ते दरवेळी म्हणायचे, आणि अव्वा मान खाली घालून काहीतरी निवडत बसायची.